चित्राखालचें नांव

(नभोवाणीवरील भाषण)

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. दिवाळीचा पहिला दिवस होता. अभ्यंगस्नान आटोपून, फराळाचें ताट पुढें घेऊन मी बसलों होतों, आणि मोबाइलवर आप्तेष्टांच्या शुभेच्छा एकामागून एक येत होत्या. त्यांत एक चित्र असें आलें कीं ताट तसेंच राहिलें. एक तरुण स्त्री उभी आहे. तिच्या एका हातांत पेटलेला दिवा आहे. ज्योत वाऱ्यानें विझूं नये म्हणून दुसऱ्या हाताचा तिनें आडोसा केला आहे. त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा उजेड तांबूस दिसतो, आणि तोच उजेड तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. चित्राखालीं लिहिलें होतें, ‘राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृति.’ मीं तें चित्र, त्या ओळीसह, आमच्या नातेवाइकांच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या आणि पेन्शनर मंडळींच्या अशा तीन गटांवर तत्काळ पाठवून दिलें.

घटकाभरानें एका जुन्या विद्यार्थ्याचें उत्तर आलें. हा गृहस्थ आज एका शाळेंत चित्रकलेचा शिक्षक आहे. त्यानें लिहिलें होतें, “सर, दिवाळीचा नमस्कार. चित्र फार सुंदर आहे. पण तें रविवर्म्यांचें नव्हे, हळदणकरांचें आहे. राग मानूं नये.”

राग मानण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. लाज मात्र वाटली. मी मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला माणूस. उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांत ‘ऐकीव गोष्ट पडताळल्याखेरीज लिहूं नये’ हें वाक्य मीं किती मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. आणि येथें मी स्वतःच एका चित्रकाराचें चित्र दुसऱ्याच्या पदरांत घालून, तें तीन ठिकाणीं वांटून मोकळा झालों होतों!

श्रोतेहो, आज आपल्याशीं जें बोलणार आहें, त्याचा उगम त्या लाजेंत आहे. दुसऱ्यानें काढलेलें चित्र किंवा छायाचित्र आपण मोबाइलवरून, इंटरनेटवरून पुढें पाठवितों, तेव्हां तें घडविणाऱ्याचें नांव सांगण्याचें बंधन आपल्यावर आहे काय? आणि असल्यास तें केवळ शिष्टाचाराचें आहे, कीं त्याहून कांहीं अधिक आहे?

प्रथम त्या चित्राची हकीकत सांगतों. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडीस झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें त्यांचें शिक्षण झालें. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःची कलासंस्था काढली आणि पुष्कळ विद्यार्थी तयार केले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या संस्थापकांपैकीं ते एक होत. जलरंगावर त्यांचें विलक्षण प्रभुत्व होतें. हें दिव्याचें चित्र त्यांनीं १९४५-४६ च्या सुमारास काढलें. चित्रांतील स्त्री म्हणजे त्यांचीच कन्या गीता. चित्राचें इंग्रजी नांव ‘ग्लो ऑफ होप’. मराठींत ‘आशेचा उजेड’ म्हणतां येईल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील कलादालनांत आहे. हळदणकर १९६८ सालीं निवर्तले. आणि ज्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला आहे त्या गीताबाईंचें शंभरी ओलांडून २०१८ सालीं कोल्हापुरास निधन झालें.

आतां तारखांकडे पाहावें. राजा रविवर्म्यांचें निधन २ ऑक्टोबर १९०६ रोजीं झालें. म्हणजे हें चित्र त्यांचें मानावयाचें, तर मृत्यूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं त्यांनीं तें काढलें असें मानावें लागेल! चित्राचा प्रकारहि हीच साक्ष देतो. रविवर्म्यांची कीर्ति तैलचित्रांची. हळदणकरांचें हें चित्र जलरंगांतील. ह्या दोहोंत अंतर मोठें आहे. तेलरंग सावकाश वाळतो, आणि चूक झालीच तर वाळल्यावर तिच्यावर दुसरा थर चढवितां येतो. जलरंग झटकन् वाळतो आणि चूक लपवीत नाहीं. शिवाय शुद्ध जलरंगाच्या पद्धतींत उजेड दाखवावयास पांढरा रंग फांसीत नाहींत. जेथें उजेड हवा तेथें कागदाची शुभ्रता आधींपासून राखून ठेवावी लागते. म्हणजे काळोखांतील एक ज्योत दाखवावयाची, तर कागदाला कुंचला लावण्यापूर्वींच तो उजेड कोठें पडणार हें चित्रकारास मनांत निश्चित करावें लागतें. अशी विद्या एका दिवसांत येत नाहीं. ज्या हातास ती आली त्याचें नांव पुसून त्या जागीं दुसरें नांव घालणें, म्हणजे एका माणसाच्या जन्मभराच्या साधनेची नोंदच खोडून टाकणें होय.

ह्यांत रविवर्म्यांचा कांहींच दोष नाहीं. त्यांच्या कीर्तीस दुसऱ्याच्या चित्राची गरज नव्हती आणि नाहीं. उलट, नांव गळण्याचा अनुभव त्यांच्या वांट्यासहि भरपूर आला आहे. १८९४ सालीं त्यांनीं मुंबईंत छापखाना काढला आणि आपल्या देवदेवतांचीं चित्रें शिळाछापावर छापून घरोघर पोंचविलीं. पुढें हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि नंतर फ्रित्स श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञास विकला गेला. त्या चित्रांच्या नकला झाल्या, नकलांच्याहि नकला झाल्या. त्या दिनदर्शिकांवर आल्या, मालाच्या वेष्टनांवर आल्या. आज कित्येक देव्हाऱ्यांत जी लक्ष्मी व जी सरस्वती आहे ती मुळांत कोणाच्या कुंचल्यांतून उतरली हें पूजा करणाऱ्यांस ठाऊकहि नसतें. रविवर्म्यांचे धाकटे बंधु सी. राजराज वर्मा हे स्वतः चित्रकार होते आणि वडील बंधूंच्या कामांत हातभार लावीत. त्यांचें नांव तर रसिकांच्याहि तोंडीं क्वचितच येतें. एकंदरींत विचित्र प्रकार असा झाला कीं, ज्यांच्या स्वतःच्या चित्रांवरून नांव गळालें, त्यांच्याच नांवावर दुसऱ्याचें चित्र चढलें.

यावरून एक नियम निघतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. चित्राखालची जागा फार दिवस रिकामी राहत नाहीं. खऱ्या कर्त्याचें नांव तेथून निघालें कीं एकादें मोठें, सर्वांच्या ओळखीचें नांव येऊन बसतें. चांगलें चित्र पाहिलें कीं ‘कोणाचें?’ असा प्रश्न मनांत येतोच. उत्तर हाताशीं नसलें तर ओठावर असलेलें नांव आपण देऊन टाकतों. साहित्यांतहि हेंच घडत आलें आहे. थोर संतांच्या नांवाची मुद्रा घालून पुढच्या काळांत इतरांनीं रचना केल्या, आणि अस्सल कोणती व प्रक्षिप्त कोणती हें निवडतांना संशोधकांच्या नाकीं नऊ आले. आजहि पु. ल. देशपांड्यांनीं कधीं न लिहिलेले विनोद त्यांच्या नांवावर आणि कुसुमाग्रजांनीं न लिहिलेल्या ओळी कुसुमाग्रजांच्या नांवावर आपल्या मोबाइलवर येतातच कीं नाहीं? म्हणून मी म्हणतों कीं, कर्त्याचें नांव गाळणें हें निव्वळ मौन नव्हे. तें मौन लौकरच असत्य होतें. पहिला माणूस आळसानें नांव गाळतो. दहावा माणूस भक्तिभावानें चुकीचें नांव घालतो. आणि हजारावा माणूस तें प्रमाण मानतो. मी त्या दिवशीं हजारावा होतों.

नांव गळतें तरी कसें, हेंहि थोडें समजून घेण्यासारखें आहे. कारण बहुतेक वेळां त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. आपल्या आजोबांच्या काळचे फोटो आठवा. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला फोटो, आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस ठळक अक्षरांत स्टुडिओचें व गांवाचें नांव. पुढें कोणी नवी चौकट करावयास दिली. चौकटवाल्यानें बसेल तेवढा पुठ्ठा ठेवला आणि बाकीचा कातरला. नांव केरांत गेलें. फोटो घरांत राहिला, फोटोग्राफर मात्र घराबाहेर पडला.

मोबाइलवर हेंच होतें. फक्त कातर दिसत नाहीं. चित्रकार आपली सही बहुधा चित्राच्या कोपऱ्यांत करतो. तें चित्र चौकोनांत बसविण्यासाठीं किंवा त्यावर ‘शुभ दीपावली’ लिहिण्यासाठीं कोणीतरी त्याच्या कडा कापतो, आणि सही जाते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांचीं दिवाळी अंकांवरील जुनीं चित्रें दर दिवाळींत फिरत असतात. त्यांतलीं किती सहीसह फिरतात, तें आपणच पाहावें. छायाचित्रांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आजचा कॅमेरा छायाचित्राच्या पोटांत एक अदृश्य टिपण लिहून ठेवतो: तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जात, आणि छायाचित्रकारानें तशी व्यवस्था केली असल्यास त्याचें नांव. परंतु व्हॉट्सॲपसारखीं साधनें चित्र लौकर पोंचावें म्हणून त्याचा आकार घटवितात, आणि त्या ओढाताणींत हें टिपण गळून पडतें. तिसरा प्रकार सर्वांत साधा. एकाद्या संग्रहालयानें चित्र प्रसिद्ध करून त्याखालीं नांव, साल, सर्व कांहीं व्यवस्थित लिहिलेलें असतें. पाहणारा तेवढें चित्र उचलतो आणि मजकूर तेथेंच राहतो.

मग विवेक टोचूं लागला कीं आपण लिहितों, ‘सौजन्य : गूगल’, किंवा ‘साभार : इंटरनेट’. हें वाचून मला हंसूं येतें, कारण मींहि तें पूर्वीं लिहिलें आहे. गूगल चित्र काढीत नाहीं, तें कोठें आहे एवढेंच दाखवितें. पोस्टमन पत्र आणून देतो म्हणून पत्राखालीं पोस्टमनचें नांव घालावयाचें काय?

येथें कोणी विचारील, घरच्या चार माणसांत एक चित्र पाठविलें, त्यांत एवढें बिघडलें काय? चित्रकार हयात नाहीं, त्याला कळणारहि नाहीं. ह्या प्रश्नास माझीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, नुकसान पाहणाऱ्याचेंहि होतें. ज्यास दिव्याचें चित्र आवडलें आणि तें रविवर्म्यांचें वाटलें, तो रविवर्म्यांच्या दुसऱ्या चित्रांत तसाच जलरंगी उजेड शोधील आणि निराश होईल. हळदणकरांचीं इतर जलरंगचित्रें पाहावीं असें त्याच्या मनांत कधीं येणारच नाहीं. नांव हा एका चित्रावरून दुसऱ्या चित्राकडे जाण्याचा रस्ता आहे. तो मोडला कीं चित्र एकटें पडतें. आणि कर्ता हयात असेल तर हाच रस्ता त्याच्या पोटापाण्याचा असतो. आज गांवोगांवीं पक्ष्यांचीं, गडकिल्ल्यांचीं, वारीचीं उत्तम छायाचित्रें काढणारीं तरुण मुलें आहेत. पहाटे चारला उठून, डोंगर चढून, दोन तास धुकें सरण्याची वाट पाहून त्यांतल्या एकानें फोटो काढावा, तो लाखों लोकांनीं पाहावा, आणि त्यांतल्या एकासहि त्या मुलाचें नांव कळूं नये, अशानें त्याच्याकडे पुढचें काम कोण घेऊन जाणार?

दुसरें उत्तर देण्यासाठीं मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षें झालीं. मी ज्या शाळेंत होतों तेथील वार्षिक अंकाचें संपादन माझ्याकडे होतें. त्या वर्षीं मुखपृष्ठासाठीं नववींतल्या एका मुलानें चित्र काढून दिलें. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांचें तें चित्र होतें, आणि त्या वयाच्या मानानें फारच चांगलें होतें. अंक छापावयास देण्याची घाई होती. मीं आंतल्या पानावर ‘मुखपृष्ठ : चित्रकला विभाग’ एवढेंच घातलें. संमेलनाच्या दिवशीं प्रमुख पाहुण्यांनीं मुखपृष्ठाची वाखाणणी केली, आणि आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनीं उभें राहून नमस्कार केला. मंडपाच्या मागच्या बाजूस त्या मुलाचे वडील बसले होते. सुतारकाम करणारे गृहस्थ. मुलाचें नांव छापून येणार म्हणून मुद्दाम रोजगार बुडवून आले होते. त्यांनीं अंक हातांत घेऊन पहिलें पान उलटलें, दुसरें उलटलें, पुन्हा पहिल्यावर आले. मीं तें पाहिलें. आणि पाहून न पाहिल्यासारखें केलें.

मुलानें तक्रार केली नाहीं. पुढच्या वर्षीं मीं पुन्हा चित्र मागितलें, तेव्हां तो खालीं पाहून एवढेंच म्हणाला, “नको सर, दुसऱ्या कोणाला तरी सांगा.” माझ्या देखत त्यानें पुन्हा चित्र काढलें नाहीं. ह्याचें कारण मी एकटाच होतों असें म्हणण्याइतकी माझी ऐपत नाहीं. परंतु त्या ‘नको सर’ मध्यें माझा वांटा किती होता तें मला ठाऊक आहे. ‘घरच्या चार माणसांत’ असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां ह्याची आठवण ठेवावी. शाळेचा अंक म्हणजेसुद्धां घरचीं चार माणसेंच होतीं.

आणखी एक आक्षेप आमच्या पेन्शनर मंडळींत हमखास निघतो. ‘अजिंठ्याच्या चित्रकारांनीं कोठें सह्या केल्या? आपली परंपराच निनांवी; हा नांवाचा सोस पाश्चात्यांचा.’ ऐकावयास हें भारदस्त वाटतें, पण तें अर्धेंच खरें आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांचीं नांवें आपणांस माहीत नाहींत, हें खरें. पण हळदणकरांचें चित्र ज्या म्हैसुरांत आहे, तेथून जवळच सोमनाथपूर येथें तेराव्या शतकांतील केशवमंदिर आहे. तेथील मूर्तींखालीं शिल्पकारांनीं आपलीं नांवें दगडांत कोरलीं आहेत, आणि मल्लितम्म हें नांव त्यांत पुनःपुन्हा येतें. तीं नांवें कोरूं नयेत असें मंदिर बांधणाऱ्यांस वाटलें नाहीं. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? आपल्या वारकरी संतांनीं धन सोडलें, मान सोडला. तरी अभंगाच्या अखेरच्या चरणांत नाममुद्रा ठेविली. तो अहंकार नव्हता. ‘हें मीं म्हटलें आहे, ह्याचा जाब मजपाशीं मागावा,’ असा त्याचा अर्थ मला वाटतो. नांव म्हणजे केवळ मान नव्हे. ती जबाबदारीहि आहे. आतां तर यंत्रेंहि मागाल तसें चित्र क्षणांत तयार करून देऊं लागलीं आहेत. अशा काळांत कोणी, केव्हां, कोठें काढलें हें सांगणारी ओळ म्हणजे चित्राचा जन्मदाखलाच होय.

शिवाय एक भेद विसरूं नये. स्वतःचें नांव न सांगणें हा विनय आहे. दुसऱ्याचें नांव न सांगणें हा विनय नव्हे. ज्यास निनांवी राहावयाचें असेल त्यास तो अधिकार आहे. पण तो निर्णय त्याचा, आपला नव्हे.

कायद्याचेंहि म्हणणें थोडक्यांत असेंच आहे. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीं जो बर्न येथील आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांत १९२८ सालीं रोम येथें दुरुस्ती होऊन कर्त्याचे नैतिक हक्क मान्य झाले. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५७ वें कलम हेंच सांगतें: कृतीचा मालकी हक्क विकून टाकला तरी, ‘ही कृति माझी आहे’ असें म्हणण्याचा आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशी तिची मोडतोड थांबविण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. ह्यांतील दुसऱ्या हक्काची एक प्रसिद्ध कज्जेदलाली झाली. अमरनाथ सहगल ह्या शिल्पकारांनीं दिल्लीच्या विज्ञान भवनासाठीं कांशाचें भव्य भित्तिशिल्प घडविलें होतें. १९७९ सालीं तें भिंतीवरून उतरवून गोदामांत टाकण्यांत आलें व त्याची नासधूस झाली. शिल्पकार न्यायालयांत गेले. आणि २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें शिल्पाचे अवशेष त्यांस परत करावे व पांच लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. शिल्प सरकारनें करवून घेतलें होतें, त्याची मालकी सरकारची होती. तरीहि शिल्पकार आणि शिल्प यांचें नातें त्यामुळें तुटलें नाहीं, असा ह्या निकालाचा आशय आहे.

चुकीच्या नांवानें कायद्यांतहि कसा घोटाळा होतो, तें आपल्या दिव्याच्या चित्रावरूनच दिसेल. आपल्या कायद्यानें कॉपीराइटची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षें धरली जाते. रविवर्मा १९०६ सालीं वारले. त्यांच्या चित्रांची मुदत केव्हांच संपली. हळदणकर १९६८ सालीं वारले; त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या चित्रांची मुदत २०२८ अखेरपर्यंत चालते. म्हणजे एकाद्यानें हें चित्र रविवर्म्यांचें समजून, ‘आतां तें सर्वांचें झालें’ अशा विश्वासानें त्याच्या तसबिरी छापून विकावयास काढल्या, तर तो भलताच अडचणींत येईल. मोबाइलवरच्या एका ओळीची चूक अशी दूरवर जाते.

ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. नांव देणें निराळें आणि परवानगी घेणें निराळें. नांव दिलें म्हणजे सर्व देणें फिटलें, असें नाहीं. शेजाऱ्याची सायकल न विचारतां नेली आणि ‘ही सायकल अमक्यांची आहे’ अशी चिठ्ठी तिला लावली, म्हणून नेणें रास्त ठरत नाहीं. पुस्तकावर, जाहिरातींत, विक्रीच्या दिनदर्शिकेवर चित्र घालावयाचें तर परवानगी घेतलीच पाहिजे, आणि मोबदलाहि दिला पाहिजे. कित्येक कर्ते आपण होऊनच सर्वांस परवानगी देऊन ठेवतात. क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाचे जे परवाने २००२ सालापासून प्रचारांत आले, त्यांच्या मुख्य प्रकारांत कर्ता म्हणतो: माझें चित्र खुशाल वापरा, अट एवढीच कीं माझें नांव द्या, आणि कांहीं बदल केला असल्यास तसें सांगा. ज्यानें इतक्या उदारपणें दिलें, त्याची ही एवढीशी अटहि आपण पाळूं नये, ह्यास काय म्हणावें?

मग करावें काय? काम अवघड नाहीं. चित्र पुढें पाठविण्यापूर्वीं त्याच्या चारी कोपऱ्यांत सही आहे काय तें पाहावें. नसल्यास गूगलसारख्या साधनांत शब्दांऐवजीं चित्रच घालून शोध घेतां येतो. तें चित्र पूर्वीं कोठें कोठें आलें आहे हें त्यावरून दिसतें. त्यांत संग्रहालयाचें, कलासंस्थेचें किंवा खुद्द कर्त्याचें पान सांपडलें तर त्यावर विश्वास ठेवावा. नुसत्या शुभेच्छापत्रावर ठेवूं नये. नांव सांपडल्यावर कर्त्याच्या तारखा आणि चित्राची तारीख जुळते काय, एवढें ताडून पाहावें. माझी चूक ह्या एका पायरीवर सुटली असती. मग चित्राखालीं एक ओळ लिहावी: कोणाचें, कोणतें, केव्हांचें, मूळ कोठें आहे. आपण कडा कापल्या किंवा रंग बदलले असतील तर तेंहि सांगावें. पण सही मात्र कापूं नये. आणि शोधूनहि नांव सांपडलें नाहीं तर अंदाज बांधूं नये. ‘चित्रकार ठाऊक नाहीं, कोणास ठाऊक असल्यास कळवावें,’ असें सरळ लिहावें. ह्यांत कमीपणा कसला? त्या वाक्यानें खऱ्या नांवासाठीं जागा तरी राखून ठेवली जाते. भलतें नांव तींत घुसत नाहीं. पुढें चूक कळली, तर ज्या गटावर केली त्याच गटावर ती दुरुस्त करावी. चूक चारचौघांत आणि दुरुस्ती कानांत, हा न्याय नव्हे.

मींहि त्या दिवशीं फराळ आटोपण्यापूर्वीं तिन्ही गटांवर दुरुस्ती पाठविली: ‘सकाळीं पाठविलेलें चित्र राजा रविवर्मा यांचें नसून सा. ल. हळदणकर यांचें आहे, जलरंग, १९४५-४६, मूळ चित्र म्हैसूर येथें. चुकीबद्दल दिलगीर आहें.’ आमच्या गटांतील एका वृद्ध स्नेह्यांचें उत्तर आलें, “मास्तर, ती तसबीर आमच्या दिवाणखान्यांत तीस वर्षें आहे. आज तिच्या बापाचें नांव कळलें.” ‘बाप’ हा शब्द त्यांनीं कोणत्या अर्थानें वापरला कोण जाणे, पण त्या चित्राच्या बाबतींत तो दोन्ही अर्थांनीं खरा होता.

राहिली ती शाळेच्या अंकाची गोष्ट. त्या अंकाची एक प्रत अजून माझ्या कपाटांत आहे. त्या दिवाळींत मीं ती बाहेर काढली, ‘चित्रकला विभाग’ हे शब्द खोडले आणि तेथें त्या मुलाचें नांव शाईनें लिहिलें. पण त्या वर्षीं चारशें प्रति निघाल्या होत्या. उरलेल्या तीनशें नव्याण्णव कोठें आहेत, तें मला ठाऊक नाहीं. त्यांपर्यंत माझा हात आतां पोंचत नाहीं. म्हणून आपणांस एवढेंच सांगतों कीं, चित्र आपल्या हातून सुटण्यापूर्वीं एक क्षण थांबावें. त्या वेळीं नांव लिहावयास अर्धें मिनिट लागतें. मागाहून जन्म पुरत नाहीं.